रांगेबाहेरचा दगड

५ ऑक्टोबर १९६९, सकाळी

पाऊस संपला. फील्डवर पाणी उरलेलं नाही. आजपासून ड्यूटी माझी.

ही वही पाहुण्या पायलटांची. विमान उतरवलं की त्यांनी हिच्यात नाव घालायचं, कुठून आलो ते सांगायचं आणि सही करायची. पण फील्ड झाल्यापासून होमीशेठ सोडून इथे कोणी उतरलं नाही, आणि होमीशेठ सही करत नाहीत. म्हणतात, माझंच फील्ड, मी कसला पाहुणा? तेव्हा वही कोरी. वाया जाऊ नये म्हणून लिहिते. दुसरं कारण नाही.

फील्ड म्हणजे इंदुरीच्या वरचा माळ. होमीशेठ मुंबईचे, बंगला लोणावळ्याला. आपल्या दोन माणसांच्या विमानात बसून ते लोणावळ्यावरूनच पुढे येतात, इथे उतरतात आणि जीपने मागे लोणावळ्याला जातात. आगगाडीने लवकर पोचतील. पण मोठ्या माणसांना असं कोणी सांगत नाही.

आमचे हे फील्डचे चौकीदार. गवत कापणं, वारुळं फोडणं, गुरं हाकणं सगळं ह्यांच्याकडे. श्रावणात ताप आला. उतरला नाही.

मला आता काही वाटत नाही. कामाला अडचण नाही.

निश्चय केले आहेत. पहाटे उठायचं. नियम रोज एकदा वाचायचे. फील्डवर एकही म्हैस येऊ द्यायची नाही. एकटीने बोलायचं नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

सात म्हशी आल्या. सातही महिपती भावजींच्या.

७ ऑक्टोबर

उठायला उशीर झाला. पहाट आज लवकर झाली.

नियम वाचले. फील्डवरच्या खोपटात भिंतीवर काचेच्या चौकटीत आहेत. मूळ इंग्रजी, शेठांचे मॅनेजर पेंडसे यांनी ह्यांच्यासाठी मराठी करून दिले. मी शाळेत गेले नाही. अक्षरं वाण्याच्या पुड्यांवर शिकले आणि वाचन या चौकटीवर. पुढे गोष्टींची पुस्तकंही वाचली, पण त्यांत इतकं नेमकं काही नसतं.

नियम परगावच्या पायलटांसाठी आहेत. आदल्या दिवशी कळवल्याशिवाय येऊ नये. आल्यावर फील्डवरून एक फेरी मारावी, वाऱ्याची दिशा आणि जमिनीवरच्या खुणा पाहाव्यात. वाऱ्याकडे तोंड करून उतरावे. गावावरून खाली उडू नये. विमानाजवळ विडी, दिवा, चूल नको. फील्डवर कोणतीही उंच वस्तू उभी करू नये. फील्ड बंद असल्यास तशी खूण केलेली असेल. ती दिसल्यास उतरू नये.

कसली खूण, असं मी एकदा ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, "बंद झालं की कळंल." कधी बंद झालं नाही, म्हणून कळलं नाही.

खाली चौकीदाराचं नाव आहे. मोठ्याने वाचताना तेवढी ओळ गाळते. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून. तेवढ्यासाठीच.

८ ऑक्टोबर

महिपती भावजी हे ह्यांचे धाकटे भाऊ. आज त्यांना चौकटीसमोर उभं करून नियम वाचून दाखवले. कळवल्याशिवाय येऊ नये हे म्हशींनाही लागू आहे, असं समजावलं.

म्हणाले, "वयनी, म्हशीला काय वाचता येतंय व्हय?"

मी म्हटलं, मालकाला येतं का?

म्हणाले, "मला तरी कुटं येतंय?" आणि हसत म्हशी घेऊन गेले. जाताना फील्डवरूनच गेले.

तरी पटलं असावं. चेहरा विचारात दिसला.

गुरं हाकायची शिट्टी बिघडली आहे. ह्यांची पितळी शिट्टी, खुंटीला आहे. वाजत नाही. ताटली वाजवून भागवते.

१२ ऑक्टोबर, रविवार

दगडांचं काम काढलं.

फील्डच्या दोन्ही कडांना दगडांची रांग आहे, पायलटाला कडा कळावी म्हणून. सगळे दगड ह्यांनी नदीतून आणून मांडले. दर वर्षी दिवाळीआधी चुना. एकदा होमीशेठ उतरता उतरता म्हणाले होते, "रखमाजी, वरून तुमची लाइन एकदम फर्स्ट क्लास दिसते. फक्त एक दगड बाहेर आहे."

कुठला, हे शेठना सांगता येईना. वरून दिसतो म्हणाले, खाली आलं की कळत नाही.

झालं. त्या दिवसापासून हे दगड शोधत राहिले. दोरी धरून पाहिलं. पालथं पडून एका डोळ्याने पाहिलं. जेवताना मधेच उठून जायचे. खालून सगळे सरळच. शेवटी शेठ म्हणाले, पुढच्या खेपेला तुम्हालाच वर नेतो, बोट करून दाखवा. ती खेप यायची होती.

मला त्या दगडाचं काही नाही. एक दगड इकडे तिकडे असला म्हणून विमानाचं काय अडतं? पण चौकीदार म्हटलं की पाहायला हवं.

आज दोरी धरून पाहिलं. सगळे सरळ आहेत.

१५ ऑक्टोबर

ठाकरवाडीची हिरी गवत कापायला येते. कापलेलं गवत तिचं, फील्ड आमचं साफ, असा ह्यांनी घातलेला रिवाज आहे. कामाला चांगली. बोलते फार.

खोपटात पाणी प्यायला आली आणि खुंटीची शिट्टी काढून फुंकली. माळभर आवाज गेला. महिपती भावजींच्या म्हशी आपण होऊन फील्डबाहेर चालत्या झाल्या. त्यांना तो आवाज माहीत आहे.

हिरी म्हणाली, "बाय, ही तर वाजती की!"

तिच्या फुंकण्याने आतला कचरा निघाला असेल. शिट्टी पदराने पुसून पुन्हा खुंटीला लावली. बिघडलेली वस्तू सारखी वापरू नये.

ताटलीला पोचा आला आहे.

१९ ऑक्टोबर

वारा दाखवायचा विंडसॉक खांबावरून उतरवला. गावात त्याला विजार म्हणतात. शेठची विजार वाळत घातली आहे, असं पोरं ओरडतात. मी लक्ष देत नाही.

लाल पट्टा विरला होता. ह्यांच्या लाल पागोट्याचं कापड लावलं. पागोटं नाहीतरी पेटीत पडूनच होतं. कापताना काही वाटलं नाही. कात्री बोथट आहे म्हणून वेळ लागला.

वर चढवल्यावर वारा पडला. विजार लोंबत राहिली. कापड जड झालं का, असं वाटलं. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा भरली. लाल रंग लांबून चांगला दिसतो. बराच वेळ पाहिलं. दिशा बरोबर दाखवते का ते तपासत होते.

१ नोव्हेंबर

पेंडसे मॅनेजरांचं कार्ड आलं. शेठ ३० तारखेला, रविवारी, विमान घेऊन येणार. रखमाजी गेल्यावर फील्ड चालवायचं की बंद करायचं, ते उतरून पाहून ठरवतील. व्यवस्थित असेल तर चौकीदारी माझ्याकडे कायम. नसेल तर बंद.

खाली आणखी एक ओळ. रखमाजीला शब्द दिला होता, तेव्हा बाईंची इच्छा असल्यास शेठ त्यांना एक फेरी मारून आणतील.

माझी इच्छा नाही. या वयात बाईमाणसाने विमानात बसायचं म्हणजे गावाला आयता तमाशा. पण कामाचा भाग म्हणून जावं लागेल. दगड पाहायचा आहे.

कार्ड भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आन बंद झालं तर माळ कुनाला?" मी म्हटलं, बंद होणार नाही.

२ नोव्हेंबर

निश्चय: विमानाचा विचार करायचा नाही.

विमानात पदराचं काय करतात? कमरेला खोचून वरून टॉवेल बांधला तर?

५ नोव्हेंबर

उंचीची तपासणी केली. गावच्या किल्ल्याच्या बुरुजावर चढून खाली पाहिलं. मला चक्कर येत नाही. उतरताना प्रत्येक पायरीवर बसून उतरले, ते साडी पायात येऊ नये म्हणून.

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. यंदा आम्हाला सण नाही. भामाने करंज्या पाठवल्या. भामा म्हणजे भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. मनाने चांगली, डोक्याने जुनी.

आज चहाला दूध दोघांचं घातलं. हात सवयीने चालतो, त्यात माणसाचा काही संबंध नसतो. दोन्ही कप मीच प्यायले. चहा वाया घालवत नाही.

१८ नोव्हेंबर

फील्ड तयार. गवत कापलं. उंदरांची बिळं मुरूम घालून बुजवली. सगळ्या दगडांना दोन हात चुना झाला. शेवटचा दगड झाल्यावर मागे वळून पाहिलं तर सूर्य उतरलेला, आणि रांग अशी दिसत होती की मी बराच वेळ उभी होते.

आता कुणाला दाखवायचं म्हटलं तर हिरी घरी गेली होती.

चुना पाऊण पोतं उरला आहे.

२४ नोव्हेंबर

भामा फील्ड पाहायला आली. कधी नव्हे ते पाहतच राहिली. म्हणाली, "आक्का, काय गं बाई हे! भाऊजी असतानाबी एवढं न्हवतं."

मी म्हटलं, ते असताना मी नुसती चहा करत होते.

मग म्हणाली, "पर दृष्ट लागंल हं. गावात समदी बोलत्यात, येसू आता इमानात बसनार. एक मडकं उभं कर. चुन्याच्या फुल्या मार त्याच्यावर. आमच्या वांग्यांत केलंतं, एक कीड न्हाई लागली."

मी असल्या गोष्टी मानत नाही. वाचणाऱ्या बाईने मानू नयेत. तिला तसं सांगितलं. शिवाय फील्डवर उंच वस्तू उभी करू नये, असा नियमच आहे. मडकं म्हणजे उंच वस्तू.

ती म्हणाली, "नियमात दृष्टीचं काय लिवलंय?"

काही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून पाहिलं.

२६ नोव्हेंबर

भामाची वांगी खरंच चांगली आली होती.

२७ नोव्हेंबर, सकाळी

मानायचं नाही हे ठरलेलंच आहे. पण ह्यांच्या वेळी मी असंच म्हटलं होतं. साधा ताप आहे, दृष्ट कसली काढता, म्हटलं होतं. भामा मीठ-मोहऱ्या घेऊन दारात उभी होती, तिला परत पाठवलं. मीठ-मोहऱ्यांनी ताप उतरत नाही हे मला ठाऊक आहे.

तरी या खेपेला कुणाला बोलायला जागा नको.

२७ नोव्हेंबर, दुपारी

तोड निघाली. मडकं उभं केलं तर नियम मोडतो. पण फुली जमिनीवरच काढली तर तिला उंची नाही. कोणताच नियम मोडत नाही, आणि भामाचंही समाधान. हे माझं मलाच सुचलं.

फुली मोठी हवी. वांग्याला दृष्ट लावणारा बांधावरून पाहतो. फील्डकडे लोक लांबून पाहणार, शेठ तर वरून पाहणार. बारीक फुली कोणाच्या डोळ्यांत भरणार?

उरलेला सगळा चुना वापरला. जागा कडेच्या विंडसॉकसमोर, फील्डच्या ऐन मध्यावर. एका टोकाला हिरीने दोरी धरली, एका टोकाला मी. दोन्ही रेघा अगदी सारख्या आल्या. हिरी म्हणाली, "बाय, देवाला बी दिसंल ही."

भामाला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "आता निवांत ऱ्हा."

मी निवांतच आहे. तिच्यासाठी केलं.

२९ नोव्हेंबर

भावजींनी म्हशी आजपासून दोन दिवस घरी बांधल्या. न सांगता. माझ्या नियमवाचनाचा परिणाम उशिरा का होईना दिसतो आहे.

नऊवारीला खाली दोन टाके घातले, वाऱ्याने उडू नये म्हणून. दशम्या केल्या. वर भूक लागते का, माहीत नाही. शेठनाही देता येतील.

माझी इच्छा नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगणार. आणि मग बसणार.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी

आभाळ स्वच्छ. वारा नदीकडून. विजार भरलेली. अर्धा गाव फील्डच्या कडेला जमला आहे. भामा आरतीचं ताट घेऊन आली. विमानाजवळ दिवा नको, हा नियम तिला सांगितला. तिने दिवा विझवला, ताट धरून ठेवलं.

सगळं नियमाप्रमाणे आहे.

३० नोव्हेंबर, दुपारी

विमान आलं. लोणावळ्याच्या अंगाने आधी आवाज, मग ठिपका, मग विमान.

त्यांनी फेरी मारली. नियमात एक फेरी आहे; शेठनी दोन मारल्या. मग तिसरी, अगदी खालून, इतक्या खालून की शेठांचा काळा चष्मा दिसला. ते वाकून खाली पाहत होते. जमिनीवरच्या खुणा पाहाव्यात, हा नियम इतका काटेकोर पाळलेला मी आजवर पाहिला नव्हता. एरवी शेठ पाहत नाहीत, येतात आणि उतरतात.

मग दोन्ही पंख डावी-उजवीकडे हलवले आणि विमान पुण्याकडे वळलं.

भामा म्हणाली, "आक्का, त्यो गेला की गं."

मी म्हटलं, गेला नाही. मोठी फेरी घेतो आहे.

पोरं फील्डवर धावली. मी खोपटात गेले, खुंटीची शिट्टी घेतली, बाहेर येऊन वाजवली. पुष्कळ वाजवली. विमानाला शिट्टी ऐकू जात नाही हे मला ठाऊक आहे. पोरं फील्डवर आली होती म्हणून वाजवली.

भामाने माझ्या हातातून शिट्टी काढून घेतली. म्हणाली, "चल, बस सावलीत."

३० नोव्हेंबर, संध्याकाळी

वारा अनुकूल नसावा. पेट्रोल संपलं असेल. पंख हलवणं म्हणजे पायलटाचा नमस्कार, असं हे सांगायचे. नमस्कार केला म्हणजे राग नाही. उद्या येतील.

दशम्या हिरीला दिल्या. ती म्हणाली, "वरनं मला हात केला त्यांनी." मला नाही दिसला.

१ डिसेंबर

आज आले नाहीत. सोमवार. मुंबईला कामं असतात.

४ डिसेंबर

कळवल्याशिवाय यायचं नाही, हा नियम आहे. कळवलं नाही, म्हणून येत नाहीत. नियमाचाच माणूस.

टाके उसवले. चालताना पायांत येत होते.

९ डिसेंबर

पेंडसे मॅनेजर जीपने आले. जीपमध्ये चुन्याचं पोतं. उतरून फील्डच्या मध्यावर गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

म्हणाले, "येसूबाई, कमाल आहे. एरवी हे करायला मला यावं लागलं असतं. तुम्ही आधीच करून ठेवलंत!"

मी विचारलं, काय?

"ही फुली. फील्ड बंद असल्याची खूण. शेठ त्या रविवारी येऊन पाहून गेले ना, त्यांना वरूनच कळलं. बंद फील्डवर उतरायचं नाही म्हणून उतरले नाहीत. म्हणाले, पेंडसे, बाईंना आता झेपत नाही, तोंडाने सांगायचा संकोच वाटला असेल, म्हणून त्यांनी खुणेने सांगितलं. किती व्यवस्थित काढली आहे म्हणे. म्हणाले, रखमाजीपेक्षा बाईंनाच रूल्स चांगले माहीत."

मी फुलीकडे पाहिलं.

मॅनेजर वाईट माणूस नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याच मनाने केलंत ना हे? तसं नसेल तर आत्ता सांगा. अजून काही बिघडलेलं नाही. मी शेठना फोन करतो, ते पुढच्या रविवारी येतील."

भामा बाजूला उभी होती. तिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मिटलं.

काय सांगायचं? दृष्टीची आहे म्हणून? वांग्यासारखी? जी बाई चौकटीतले नियम पाठ म्हणते, तिने फील्डच्या मध्यावर दृष्टीची फुली काढली? आजवर कुणी म्हटलं नव्हतं की बाईंना रूल्स माहीत आहेत. ह्यांनीसुद्धा म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, हो. माझ्याच मनाने.

मॅनेजरांनी विचारलं, "दोन्ही रेघा सारख्या कशा आल्या?"

मी म्हटलं, दोरी धरून.

खोपट माझ्याकडे राहील. दिवाळीला आणि होळीला फुलीला चुना लावायचा, बाकी काम नाही. चुन्याचं पोतं ठेवून गेले.

१० डिसेंबर

मॅनेजरांना पत्र लिहून खुलासा करणार. फुलीबाबत थोडा गैरसमज झाला आहे, असं सुरू करायचं. दृष्ट हा शब्द न वापरता.

भामा म्हणते, "आक्का, सांगून टाक की माझं नाव. म्हनावं, अडानी जावेनं केलं." तसं मी कधी सांगणार नाही. फुली माझी आहे.

१२ डिसेंबर

पत्र लिहिलं नाही. दौत कोरडी पडली आहे.

२० डिसेंबर

दौतीत पाणी घातलं. अक्षर फिकट येतं. अशा अक्षराचं पत्र शेठांसारख्या माणसाला पाठवू नये.

२ जानेवारी १९७०

नवीन वर्षात पहिलं काम, पत्र.

१४ जानेवारी

संक्रांत. मॅनेजरांचं कार्ड. शेठनी विमान विकलं. आता आगगाडीने जातात.

पत्राची आता घाई नाही.

१५ जानेवारी

विजार उतरवली. वारा कुणाला दाखवायचा? लाल पट्टा उसवून पागोट्याच्या उरलेल्या कापडाला पुन्हा जोडला. शिवण दिसते. पेटीत ठेवलं.

शिट्टी खुंटीला आहे. बिघडलेली नाही. आता वाजवायला कारण नाही.

१ फेब्रुवारी १९७०, रविवार

वरून पाहायचं तर विमानच लागतं असं नाही, हे आधी कसं सुचलं नाही? भंडाऱ्याचा डोंगर समोरच आहे. तिथून सगळा माळ दिसतो. दगड एकदाचा सापडेल. सापडला की हलवणार नाही. नुसता कुठला ते पाहून येणार.

हिरीला बरोबर घेतलं. डोंगर चढले. चक्कर आली नाही. थोडी आली.

वर जाऊन कड्याजवळ बसले आणि पाहिलं. इंदुरी दिसली, नदी दिसली, किल्ला केवढासा दिसला. आपला माळ लगेच ओळखू आला. दगड दिसले नाहीत. एकही नाही. सरळ असलेलेही नाहीत आणि रांगेबाहेरचाही नाही. इतक्या लांबून दगड दिसत नाहीत, हे चढायच्या आधी कळायला हवं होतं.

फुली दिसली. पांढरी, मोठी, दोन्ही रेघा सारख्या.

हिरी म्हणाली, "बाय, कसली झ्याक दिसती गं!"

मी म्हटलं, हो.

खाली उतरेपर्यंत ऊन कललं होतं. महिपती भावजींच्या म्हशी फील्डवर, अगदी मध्यावर. ताटली घरी होती. खोपटात जाऊन शिट्टी घेतली आणि वाजवली. म्हशी वळल्या.

भावजी बांधावरून ओरडले, "वयनी, आता कशापाई? फील्ड तर बंद झालं न्हवं?"

मी म्हटलं, म्हशींच्या पायांनी फुली पुसते.